मुलाचं बक्षीस मुलानेच निवडायचं: शाळेतल्या सगळ्यांना हे कसं शिकवावं

शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्या कर्मचाऱ्यांना एका वर्गात बसवा, चहा आधीच देऊन टाका आणि प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद द्या. शाळेतलं एक मूल ठरवा. त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं, अशा सहा गोष्टी क्रमाने लिहायला सांगा. शेजारच्याचं बघायचं नाही. कागद पाकिटात घाला, पाकीट चिकटवा आणि कपाटात ठेवून द्या. मुलाची पसंती चाचणी (वस्तू समोर ठेवून मूल स्वतः काय निवडतं ते बघणं) होईपर्यंत ते उघडायचं नाही. ‘आम्हाला आमची मुलं माहीत आहेत हो बाई’ या वाक्याशी वाद घालून काही हाती लागत नाही, म्हणून मी सुरुवात पाकिटाने करते.

मी विशेष शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबरोबर काम करते आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनाही शिकवते. कर्मचारी म्हणताना मी मावशी, शिपाई काका आणि व्हॅनमध्ये मुलांसोबत बसणाऱ्या ताईही धरते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समावेशित शिक्षणासाठी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, त्यात फक्त शिक्षक असं म्हटलेलं नाही. तरी कितीतरी ठिकाणी प्रशिक्षण सुरू झालं की मावशींना चहाच्या कपबशा धुवायला पाठवतात. मुलांना शी-शूला नेणं, भरवणं, तोंड पुसणं त्या करतात. मूल कशाला हरखतं हे बहुतेक वेळा त्यांनाच आधी कळलेलं असतं, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

अंदाज चुकतात हे आपल्याच शाळांचं दुखणं आहे असं नाही. अमेरिकेत १९८८ साली ग्रीन आणि सहकाऱ्यांनी अतितीव्र दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत कर्मचाऱ्यांचं मत आणि पद्धतशीर चाचणीचा निकाल ताडून पाहिला. दोन्ही जुळले नाहीत. आपल्याकडे अंदाज ठरलेले असतात: चॉकलेट, टाळ्या, वहीवर स्टार. ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांना टाळ्यांचा एकदम झालेला आवाज सहन होत नाही. आपण बक्षीस म्हणून पंधरा जणांच्या टाळ्या देतो आणि मूल कानावर हात ठेवून टेबलाखाली जातं. त्याने काम चांगलं केलं म्हणून त्याला शिक्षा झाली, असा त्याचा अर्थ.

आधी वस्तू जमवा

घरच्यांना ‘त्याला काय आवडतं?’ असं विचारलं की ‘सगळंच आवडतं’ किंवा ‘मोबाइल’ ही दोनच उत्तरं येतात. प्रश्न बदला. हट्ट कशासाठी करतो? रडत असला तर आजी काय करते? घरात एकटा सोडला तर कुठे जाऊन बसतो? कुठली वस्तू लपवून ठेवावी लागते? शेवटच्या प्रश्नाला फार चांगली उत्तरं मिळतात. आईच्या टिकल्यांचं पाकीट, टीव्हीचा रिमोट, कुकरची शिट्टी, दारामागचा झाडू.

हेच प्रश्न मावशींना विचारा. एका शाळेत एक मुलगा खुर्चीवरून उठायलाच तयार नसायचा, सगळे त्याच्यापुढे बिस्किट नाचवत होते. मावशी म्हणाल्या, ‘बाई, त्याला व्हरांड्यातला नळ सोडायला लावा, मग बघा.’ नळाखाली हात धरायला मिळणार म्हटल्यावर तो चालत आला. नळ काही चाचणीच्या वस्तूंच्या पेटीत घालता येत नाही, म्हणून आम्ही चाचणीत पाण्याच्या पिचकारीची बाटली ठेवली.

पेटी भरताना खाऊपलीकडे बघा. स्पर्शाचं काही (बबल रॅप, ओलं पीठ, केसाळ मोजा), आवाजाचं (घुंगरू, शिट्टी), बघण्याचं (भिंगरी, आरसा), हालचालीचं (झोका, ऑफिसच्या खुर्चीवर गोल फिरणं). शिवाय शाळेतला मान: घंटा देणं, हजेरीपत्रक ऑफिसात नेणं, वहीवर रबरी शिक्का मारणं. झोका किंवा घंटा टेबलावर ठेवता येत नाही. त्याचा फोटो वापरायचा असेल तर मुलाला फोटो आणि खरी गोष्ट यांचा संबंध कळतो ना, हे आधी पाहा. नसेल कळत तर झोक्याची दोरी, घंटा वाजवायची हातोडी असं काही हातात देता येतं.

वस्तू पेटीत जाण्याआधी पालकांशी आणि मुलाच्या फाइलशी ताडून घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या मुलाला गिळायला त्रास होतो त्याला शेंगदाणा, चुरमुरे, चिक्की काही द्यायचं नाही, अगदी एक दाणाही. दिसेल ते तोंडात घालणाऱ्या मुलापुढे मणी, बटणं, बॅटरीची खेळणी नकोत. ज्याला लुकलुकत्या उजेडाने फिट येते त्याला चमकणारे लट्टू नकोत. ॲलर्जी, मधुमेह, पथ्य हे सगळं कागदावर लिहून प्रमुख शिक्षकांची सही घ्या.

आणि एक नियम माझ्याकडे कायमचा आहे. शाळेचा पोषण आहार, पाणी, लघवीला जाणं, मधली सुट्टी, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, बोलण्यासाठीची चित्रांची वही, आईला भेटणं या गोष्टी बक्षिसाच्या यादीत कधीच येत नाहीत. त्या मुलाच्या हक्काच्या आहेत. ‘शब्द वाच, मग पाणी देते’ असं बोललेलं मी ऐकलं तर प्रशिक्षण थांबवते आणि आधी त्यावर बोलते.

जोडीची पद्धत, बारीकसारीक

पद्धती चार-पाच आहेत. नव्या माणसाला मी जोडीचीच शिकवते, कारण तिच्यात काय दिसलं आणि काय वाटलं यातला फरक लगेच कळतो. वेन फिशर आणि सहकाऱ्यांनी ती १९९२ साली मांडली.

सहा वस्तू घ्या. प्रत्येक वस्तूची प्रत्येकीशी एकदा गाठ घालायची, म्हणजे १५ जोड्या होतात. (आठ घेतल्या तर २८ होतात. सहाच घ्या, मूल आणि तुम्ही दोघंही दमता.) जोड्यांचा क्रम आधीच कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक वस्तू कधी डावीकडे, कधी उजवीकडे येईल असं बघा. सुरू करण्याआधी मुलाला प्रत्येक वस्तू थोडा वेळ हाताळू द्या. जी कधी पाहिलीच नाही ती कोण निवडेल?

आता मुलासमोर बसा. दोन वस्तू त्याच्यापासून सारख्याच अंतरावर, एकमेकींपासून साधारण फूटभर लांब ठेवा. एकदाच म्हणा, ‘एक घे.’ मग गप्प. मनात पाच अंक मोजा. हात लावला, उचलली, बोट दाखवलं की ती निवड. दुसरी वस्तू लगेच उचलून घ्या आणि निवडलेली त्याला अर्धा मिनिट मनसोक्त वापरू द्या. खाऊ असेल तर नखाएवढा तुकडा. अर्ध्या मिनिटाच्या आत नोंद करा, नंतर आठवून नाही. मग हात पसरून वस्तू परत मागा आणि पुढची जोडी मांडा.

दोन्हींवर झडप घातली तर दोन्ही हळूच झाकून परत मांडा. काहीच केलं नाही तर दोन्ही वस्तू एकेक करून हाताळायला द्या आणि तीच जोडी पुन्हा एकदा मांडा. तरी काही नाही, तर तक्त्यात रेघ मारा आणि पुढे जा. रेघ हीसुद्धा माहिती आहे. सलग रेघा यायला लागल्या, मूल तोंड फिरवायला लागलं, तर थांबा आणि उरलेल्या जोड्या उद्यावर टाका. नको म्हणण्याचा हक्क मुलाला चाचणीतही असतो.

मग हिशेब. सहा वस्तू असल्या की प्रत्येक वस्तू पाच वेळा समोर आलेली असते. त्यातल्या कितींदा निवडली, त्याची टक्केवारी काढा. एका मुलीचा तक्ता असा होता: रबरी शिक्का पाचपैकी ५, म्हणजे १०० टक्के. घुंगरू आणि बबल रॅप ३-३, म्हणजे ६० टक्के. चेंडू आणि भिंगरी २-२, म्हणजे ४०. स्टारचं स्टिकर शून्य. पाकीट उघडलं तेव्हा वर्गशिक्षिकेच्या कागदावर स्टिकर पहिलं होतं आणि शिक्का कुणाच्याच कागदावर नव्हता. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘म्हणजे वर्षभर मी तिला स्टिकर देतेय, आणि तिला मी शिक्का मारताना बघायचं असायचं.’

खाऊ आणि खेळणी एकाच चाचणीत मिसळू नका. दोन्ही एकत्र ठेवली की बहुतेकदा खाऊ वर चढतो आणि खेळणी तळाला जातात. डीलिऑन, इवाटा आणि रोस्को यांनी १९९७मध्ये हेच दाखवलं, आणि तीच खेळणी स्वतंत्रपणे मुलाकडून काम करवून घेऊ शकतात हेही. मिसळलेल्या तक्त्यावर विसंबलात तर वर्षभर खिशात बिस्किटं घेऊन फिराल.

जेवणानंतर लगेच खाऊची चाचणी नको. खिचडी खाऊन आलेलं मूल काहीही नाकारेल.

बाकीच्या पद्धती कधी

ज्या मुलाच्या हातातून वस्तू काढली की ते जमिनीवर लोळतं, त्याच्यासाठी जोडी नको. वस्तू सतरंजीवर पसरा, मुलाला पाच मिनिटं मोकळं सोडा आणि कुठल्या वस्तूजवळ किती सेकंद गेले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. काही काढून घ्यायचं नाही, काही सांगायचं नाही.

चांगलं निवडता येणाऱ्या मुलासाठी रांगेची पद्धत झटपट होते. पाच-सहा वस्तू एका ओळीत मांडायच्या. निवडलेली वस्तू वापरून झाली की बाजूला ठेवायची, उरलेल्यांच्या जागा बदलायच्या आणि पुन्हा ‘एक घे’. शेवटच्या वस्तूपर्यंत असं करत जायचं. सगळी रांग तीनदा केली की क्रम बऱ्यापैकी पक्का होतो.

दोन वस्तूंतून निवडणंच अजून जमत नाही अशा मुलाला एका वेळी एकच वस्तू द्या. जवळ ओढतो, ढकलतो, की नुसता बघतो, एवढंच लिहा. हात न हलवता येणाऱ्या मुलाची निवड नजरेवर ठरवा. वस्तू दीड-दोन फूट लांब ठेवा आणि सलग तीन सेकंद जिकडे पाहील ती निवड धरा. न दिसणाऱ्या मुलाचा हात दोन्ही वस्तूंवर आळीपाळीने नेऊ द्या, आवाजाची वस्तू वाजवून दाखवा. मात्र त्याचा हात धरून ओढू नका, तुमचा हात त्याच्या हाताखाली ठेवा.

आता शिकवायचं कसं

एवढं सगळं फळ्यावर लिहून तासभर सांगितलं तर माना डोलतात आणि सोमवारी काहीही बदलत नाही. ज्यांनी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा नीट अभ्यास केला ते सगळे एकाच क्रमाकडे येतात: थोडक्यात सांगा, करून दाखवा, करायला लावा, तिथल्या तिथे दुरुस्त करा. लावी आणि स्टर्मी यांनी २००२ साली तीन कर्मचाऱ्यांना जोडीचीच पद्धत शिकवली. थोडक्या सूचना, व्हिडिओ आणि तोंडी दुरुस्तीसह सराव, एवढ्यावर ते लवकर शिकले. मी माझ्या शनिवारात जास्तीत जास्त वेळ सरावाला देते, सांगायला दहा मिनिटं पुरतात.

तिघातिघांचे गट करा. एक मुलाचं सोंग घेईल, एक चाचणी घेईल, तिसरा यादी घेऊन बसेल. प्रत्येकाने तिन्ही कामं करायची, मुख्याध्यापकांनीसुद्धा. सर मूल झाले की वर्गात जो हशा होतो त्याने निम्मा संकोच जातो. पहिल्यांदा मूल मी होते आणि मुद्दाम त्रास देते. दर वेळी उजवीकडचीच वस्तू उचलते. दोन्ही ओढते. खिडकीबाहेर बघत बसते. वस्तू परत मागितली की फेकते. खऱ्या मुलासमोर गडबडण्यापेक्षा माझ्यासमोर गडबडलेलं बरं.

तिसऱ्या माणसाच्या हातातली यादी अशी असते, तुम्ही उतरवून घ्या:

- जोड्यांचा क्रम आधी लिहिलेला आहे
- वस्तू सारख्या अंतरावर आहेत
- ‘एक घे’ एकदाच म्हटलं
- पाच सेकंद वाट पाहिली
- डोळ्यांनी, मानेने, हाताने खूण केली नाही
- न निवडलेली वस्तू लगेच उचलली
- निवडलेली वस्तू पूर्ण अर्धा मिनिट दिली
- निवडीचं कौतुक केलं नाही
- दोन्ही ओढल्या किंवा काहीच केलं नाही, तर ठरल्याप्रमाणे पुन्हा मांडलं
- नोंद त्याच वेळी केली

सगळ्यात जास्त चुकतं ते गप्प बसणं. आपल्याकडे मुलाशी बोलत राहणं म्हणजे माया. ‘घे ना राजा, हे बघ किती छान, हे घे की’, असं ताई म्हणतात तेव्हा हातातला लाल चेंडू दोन इंच पुढे आलेला असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. हे नुसतं सांगून पटत नाही. मोबाइलवर त्यांच्याच सरावाचा व्हिडिओ काढा (सरावाचा, मुलाचा नव्हे, मुलाचा काढायला पालकांची लेखी परवानगी लागते) आणि आवाज बंद करून दाखवा. ताई स्वतःच ओरडतात, ‘अगं बाई, मी पुढे करतेय!’

‘छान निवडलंस!’ हेही नको. आज आपण कौतुक केलं तर उद्या मूल कौतुकासाठी निवडेल, आणि मुलाची आवड शोधता शोधता आपली आवड हाती येईल.

दुरुस्ती करताना एकावेळी एकच गोष्ट सांगा आणि लगेच परत करायला लावा. ‘चांगलं झालं, पण जरा लक्ष द्या’ यातून कुणालाच काही कळत नाही. ‘मावशी, वाट छान बघितलीत. या वेळी दुसरी वस्तू लवकर उचला’, हे कळतं. मावशींना तक्ता भरता येत नसेल तर वस्तूंची चित्रं काढलेला तक्ता द्या, त्यांनी फक्त गोल करायचा. लिहिता येत नाही म्हणून बघता येत नाही असं थोडंच आहे.

सलग दोन सरावांत दहापैकी किमान नऊ गोष्टी बरोबर आल्या की तो माणूस मुलासमोर बसू शकतो, आधी नाही. मुलाबरोबरच्या पहिल्या चाचणीला दोघांनी वेगवेगळं बसून नोंद करावी आणि नंतर जुळवून पाहावी. १५पैकी १३ जोड्यांवर एकमत असेल तर साधारण ८७ टक्के, चांगलं आहे. ८०च्या खाली गेलं तर निवड कशाला म्हणायची यावरच तुमचं एकमत नाही. परत बसा, ते ठरवा.

चाचणी संपली, काम संपलं नाही

आवडीची वस्तू कामाला लागतेच असं नाही. ते तपासायला मुलाला येत असलेलं, पण कंटाळवाणं वाटणारं एखादं छोटं काम घ्या, समजा कपड्यांचे चिमटे डब्याच्या कडेला लावणं. एक दिवस नुसतं करायला सांगा आणि पाच मिनिटांत किती लावले ते मोजा. दुसऱ्या दिवशी दर चिमट्यामागे शिक्का मारायला द्या आणि शिक्का मारायला गेलेला वेळ वगळून पाच मिनिटं मोजा. हे आलटून पालटून काही दिवस करा. आकडा वाढला तर ते बक्षीस. नाही वाढला तर यादीतली दुसरी वस्तू घ्या. मुलाला दोष देऊ नका, तक्त्यालाही देऊ नका.

वापरताना बक्षीस छोटं, काम झाल्या झाल्या, आणि कशाबद्दल ते सांगून द्या: ‘दप्तर जागेवर ठेवलंस, घे शिक्का.’ आरडाओरडा थांबावा म्हणून आधीच दिलं तर ती लाच होते आणि ओरडण्याचा दर ठरतो. पहिल्या क्रमांकाची वस्तू दिवसभर सहज मिळू देऊ नका, नाहीतर बारा वाजेपर्यंत तिची किंमत शून्य होते. पण घरची ओढणी, आवडता मऊ बोळा असं मूल शांत राहायला वापरतं ते काढून घेऊन बक्षीस करू नका. आणि मूल आपणहून, आनंदाने जे करतं त्याला बक्षीस लावायच्या भानगडीत पडू नका.

सोळा वर्षांच्या मुलाने खुळखुळा निवडला तर काय, हा प्रश्न हमखास येतो. निवड त्याची आहे, तक्त्यात तशीच लिहा. पण पुढच्या चाचणीत त्याच जातीचं, वयाला शोभेल असं काही ठेवून बघा: कीचेनचा जुडगा, डमरू, तांदळाचा डबा हलवणं. घेतलं तर उत्तम. नाही घेतलं तर खुळखुळाच द्या, ‘लोक काय म्हणतील’ हा आपला प्रश्न आहे.

निकाल पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर लिहा: मुलाच्या पहिल्या तीन वस्तू, नको असलेल्या दोन, खाण्याची पथ्यं, चाचणीची तारीख. कार्ड वर्गाच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लावा, भिंतीवर नको, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचायचं कारण नाही. एक प्रत व्हॅनच्या ताईंकडे, एक घरी. तारखेला महत्त्व आहे, आवडी बदलतात. रोज शिकवायला बसण्याआधी दोन-तीन वस्तू समोर ठेवून ‘आज काय हवं?’ एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो. पूर्ण चाचणी दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा घ्या, घरून मुलं नव्या आवडी घेऊन येतात. मूल एकाएकी काम टाकायला लागलं तर सुट्टीची वाट न बघता आधी कार्डावरची तारीख बघा.

जूनमध्ये शाळेत नवी माणसं येतात. त्यांना शिकवायला मला बोलावू नका. तुमच्याकडे ज्यांचे नोंदतक्ते सगळ्यात नीट जुळतात त्यांनाच ते काम द्या. माझ्या माहितीच्या दोन शाळांत हे काम आता मावशी करतात, आणि मुलाचं सोंग घेऊन वस्तू फेकण्यात त्या माझ्यापेक्षा सरस आहेत.